एक बाटली जास्त

१

सफरीच्या सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता जहाजाच्या नवव्या मजल्यावरचा छोटा बार बंद आढळला. दारात आडवी दोरी बांधलेली होती. आत पेयविभागाच्या अधिकारी बाई एकेक बाटली तराजूवर ठेवून वहीत आकडे टिपत होत्या. आणि ज्याच्या देखरेखीखाली त्या बाटल्या एरवी असत, तो बारवाला कोपऱ्यातील स्टुलावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. ते हात रिकामे असलेले आम्ही प्रथमच पाहत होतो.

या गृहस्थाला आमच्या कुटुंबाने ‘मापाडी’ असे नाव ठेवले होते. ग्राहक कितीही ओळखीचा असो, हा आधी पंचवीस मिलिलिटरचे मापटे काठोकाठ भरणार, ते डोळ्यांसमोर धरणार आणि मगच पेल्यात रिते करणार. थेंबभर कमी नाही, थेंबभर अधिक नाही. आपल्या कामावर अशी निष्ठा असलेली माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. त्यांतील एकीशी माझा विवाह झाला, हे माझे भाग्य.

माझ्या पत्नीने तीस वर्षे इस्पितळात परिचारिकेचे काम केले. ‘सिस्टर’ हे संबोधन तिला असे चिकटले की घरात मीसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारतो. रोजच्याप्रमाणे ती थर्मासमध्ये गरम पाणी घ्यायला आली होती. दोरी पाहून थांबली, पण परतली नाही.

“तुम्ही रोज येता ना इथे?” अधिकारी बाईंनी विचारले. “मग एक सांगा. यानं काउंटरखालून एखादी वेगळी बाटली काढलेली पाहिलीत कधी?”

“नाही. का? काय चोरीला गेलं?”

“गेलं काहीच नाही. जहाज निघालं त्या संध्याकाळी मोजणी बरोबर होती. काल रात्री मोजली तर एक बाटली जास्त भरतेय.”

“जास्त असेल तर चांगलंच की!”

“चांगलं नाही, बाई. वाईट.” अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवले. “या एका व्हिस्कीची अठ्ठावीस मापं विकल्याची नोंद मशीनवर आहे. अठ्ठावीस मापं म्हणजे सातशे मिलिलिटर, बरोबर एक बाटली. पण ती बाटली फळीवर तशीच आहे, सील न फोडलेली. याचा अर्थ यानं नोंद महागाची केली आणि पेल्यात स्वतःजवळची स्वस्त दारू ओतली. वाचलेली बाटली उद्या बंदरात विकायला मोकळा. जुनी युक्ती आहे ही.”

“मी माप मारलेलं नाही,” मापाडी म्हणाला. आवाज शांत होता. “आणि दुसरी दारूही ओतलेली नाही.”

“मग ही बाटली उरली कशी?”

मापाडीने मान खाली घातली.

“सकाळपासून हे असंच चाललंय,” अधिकारी बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी नऊला बंदर लागेल. तोवर बोलला नाही, तर सामानासकट उतरवणार. पुन्हा कुठल्याच जहाजावर घेणार नाही कुणी.”

सिस्टरने मापाडीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले. रुग्णाकडे पाहावे तसे. बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, “अहो, हा माणूस खोटं बोलत नाहीये. दुसऱ्या कुणाचं तरी झाकतोय. आणि ते कुणी परकं नसावं, असं मला आत्ताच वाटायला लागलंय.”

२

पुढचे समजण्यासाठी आमची मंडळी आणि जहाजावरील पेयांचे शास्त्र, दोन्ही थोडक्यात सांगणे आवश्यक आहे.

ही सफर आमच्या जावयाने घडवली. आम्हा सर्वांचीच ती पहिली. सोबत त्याचे वडील होते. म्हणजे आमचे व्याही. चौतीस वर्षे बसमध्ये कंडक्टर म्हणून उभे राहून निवृत्त झालेले, अल्पभाषी, विधुर गृहस्थ. दुसरे त्याचे मामा. बोलके आणि पेयप्रेमी. व्याही आणि मामा एका खोलीत, आम्ही दोघे दुसऱ्या, लेक-जावई तिसऱ्या.

जहाजावर भोजन भाड्यात येते; पेयांचे तसे नाही. भोजनगृहातले पाणी, साधा चहा, साधी कॉफी विनामूल्य. तीच कॉफी वरच्या मजल्यावर फेसाळून मिळाली की तिला मोल चढते. बाटलीतले पाणीसुद्धा विकत. प्रत्येक विकतच्या पेयावर वीस टक्के सेवाशुल्क आपोआप चढते. रोख पैसा चालत नाही. खोलीचे कार्ड यंत्राला लावायचे, पडद्यावर धारकाचे छायाचित्र उमटते, त्यामुळे एकाचे कार्ड दुसऱ्याला वापरता येत नाही.

आणि मग ते पॅकेज. दिवसाला सत्तर डॉलर, अधिक सेवाशुल्क; त्यात बारापर्यंत किमतीचे कोणतेही पेय हवे तितक्या वेळा घ्यावे. अटी दोनच. एक, लागोपाठच्या दोन पेयांत पाच मिनिटांचे अंतर हवे. दोन, खोलीतील एका प्रौढाने पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. मामांना पॅकेज हवे होते. साहजिकच ज्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्या व्याह्यांच्या नावावरही ते चढले.

“दाजी, माझ्या पुण्याईनं तुमचीही सोय झाली बघा!” पहिल्या संध्याकाळी जेवताना मामा म्हणाले.

“कसली डोंबलाची सोय,” व्याही पुटपुटले. “उगाच खर्च.”

“उगाच कसा, बाबा?” जावयाने कागदी रुमालावर आकडे मांडले. “सत्तर आणि त्यावर वीस टक्के, झाले चौऱ्याऐंशी. बाराच्या ड्रिंकनं भागा. सात! रोज सात घेतली की पैसे वसूल. आठव्यापासून सगळं फुकट. दारूच हवी असं कुठंय? ज्यूस घ्या, कॉफी घ्या. आयुष्यभर स्वतःवर दमडी खर्च केली नाहीत. मी रोज खोलीचा हिशेब बघणार आहे हं!”

खोलीवर परतल्यावर सिस्टर हळूच म्हणाली, “जावईबापूंनी एक जास्त धरला. सुटं ड्रिंक घेतलं तर त्यावर पण वीस टक्के पडतातच की. सहातच वसूल होतं.”

“मग सांगायचं होतंस तिथंच.”

“जावई आहे. चारचौघांत चूक काढू? गप्प बसा.”

मी गप्प बसलो. तो जास्तीचा एक पेला पुढे सहाव्या दिवशी साक्षीदार होऊन उभा राहील, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

३

दुपारी जेवणाच्या टेबलावर सिस्टरने बार बंद झाल्याची वार्ता सहज बोलावी तशी सांगितली. का बंद, ते मात्र सांगितले नाही. स्वतः जेवत राहिली आणि सगळ्यांचे चेहरे पाहत राहिली.

“अरेरे!” मामा कळवळले. “आता दहाव्या मजल्यापर्यंत जिने चढायचे?”

“मामासाहेब, तुम्ही तिथं व्हिस्की घेता का?”

“छे हो ताई! व्हिस्कीनं पित्त खवळतं माझं. आपली बिअर बरी. काल आठ झाल्या, परवा नऊ. खोटं कशाला बोलू?”

“ते सांगायला नको,” जावई हसला. “रोज अकराच्या व्याख्यानाला मामा तीनदा उठतो. सगळी रांग उभी करतो.”

हे खरे होते. एक निवृत्त कप्तान रोज अकरा ते एक समुद्र आणि तारे यांविषयी अतिशय रसाळ व्याख्यान देत. आम्ही सर्व एका रांगेत बसत असू. मामांची बाहेर ये-जा चालू असे. त्यांच्या शेजारी व्याही बसत, ते मात्र दोन तास ताठ. जणू बसच्या मागच्या दाराशी उभे असावेत.

“आणि खोलीचा हिशेब बघताय ना, जावईबापू?” सिस्टरने विचारले.

“रोज बघतो, आई. दोघांचा मिळून आकडा येतो. पंधरा, सोळा. एकदम झकास! बाबासुद्धा मोकळे झालेत. पहिल्यांदाच.” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझे मन भरून आले.

व्याह्यांनी पाण्याचा पेला उचलला, ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला.

“व्याहीबुवा, तुम्ही रोज सकाळी तिथंच असता ना? दहा ते साडेदहा?”

“पेपर वाचायला,” ते म्हणाले. “तिथं उजेड चांगला असतो.”

“बारवाला कसा वाटला तुम्हाला?”

व्याह्यांनी ताट बाजूला सारले. “सरळ माणूस आहे. दिला शब्द पाळतो.”

एवढे बोलून ते उठले आणि दहीभाताला हात न लावता निघून गेले. सिस्टरने माझ्याकडे पाहिले. तिच्या मुद्रेवर विजय नव्हता, चिंता होती.

४

खोलीत आल्यावर तिने जहाजाच्या चिठ्ठीवर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिले ‘आत’, दुसऱ्या बाजूला ‘बाहेर’.

“वॉर्डात आम्ही हा तक्ता ठेवायचो,” ती म्हणाली. “पेशंट किती प्याला आणि किती बाहेर पडलं. डॉक्टर चुकतील, नातेवाईक थापा मारतील, हा तक्ता थाप मारत नाही.”

“बरे. मग यात काय दिसते?”

“अधिकारी बाईंना काय दिसतंय? अठ्ठावीस मापं, म्हणजे एक बाटली. त्या बाटलीवरच अडकल्यात त्या. मी दिवस मोजले. जहाज निघालं त्या संध्याकाळी बारची मोजणी बरोबर होती, काल रात्री चुकली. मध्ये सकाळी किती? चार. आज तर बार उघडलाच नाही. अठ्ठावीस भागिले चार?”

“सात.”

“बरोबर सात! आता तुम्हीच सांगा, चोरी करणारा माणूस रोज मोजून सातच कशी करेल? आणि मुळात सात आला कुठून? नीट आकडेमोड करणारा सहावर थांबला असता. हा सात आपल्या टेबलावरचा आहे. जावईबापूंची चूक आहे ती, शिक्का मारल्यासारखी. ती ऐकलेल्यांत पॅकेज असलेली माणसं दोनच.”

“मामा आणि व्याही. पण मामांना व्हिस्की चालत नाही.”

“आणि त्यांचं सगळं ‘बाहेर’च्या रकान्यात दिसतंच आहे, रोज तीनदा! आता व्याहीबुवांचा तक्ता बघा. साडेदहाला बारमधून उठतात, अकराला आपल्या शेजारी येऊन बसतात. सात मापं पोटात असती तर? ना वास, ना झोक, दोन तास जागचे हलत नाहीत. काहीच प्यालेले नाहीत ते. फळीवरची बाटलीही तेच सांगतेय. कुणीच प्यालं नाही. ओतलंच नाही कुणी!”

तिच्या बुद्धीविषयी आदर मला होताच. परंतु एका उभ्या रेघेत तिने सारे जहाज सामावून दाखवले होते.

“म्हणजे नुसतेच कार्ड लावले? पण का?”

“कंडक्टर आहेत ते. मुलानं पैसे भरलेत, मुलगा रोज हिशेब बघणार आहे. तिकीट फाटलं की प्रवास झाला, एवढंच त्यांना ठाऊक.” तिने चिठ्ठी दुमडली. “पण हे मी जाऊन सांगितलं तर चुगली होईल. त्यांनीच बोलायला हवं. आणि आजच.”

चार वाजता व्याही डेकवर कठड्याशी उभे होते. सिस्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी थोडा मागे.

“व्याहीबुवा, एक विचारू? तुम्ही दिवसाला पाणी किती पिता?”

“दोन भांडी. कधी दीड.” ते समुद्राकडेच पाहत होते. “सवय आहे. गाडी मध्ये थांबायची नाही, विहीणबाई. चौतीस वर्षं तहान मारली. आता कुणी कितीही पुढं केलं तरी घशाखाली उतरत नाही.”

“मुलाला सांगितलंत कधी?”

“काय सांगायचं? एवढ्या हौसेनं पैसे भरले पोरानं. त्याचं तोंड बघितलंत ना दुपारी?” मग ते तिच्याकडे वळले. “तुम्हाला कळलंय.”

“कळलंय.”

“मग सांगा, तिकीट फाडलं आणि माणूस सीटवर बसलाच नाही, तर कंपनीचं काय नुकसान झालं? उलट माल वाचला की त्यांचा!”

“तिकीट फाडणाऱ्याला उतरवतायत, व्याहीबुवा,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “उद्या सकाळी, सामानासकट. चोर म्हणून. आणि तो तुमचं नाव घेत नाहीये.”

बार बंद असल्याचे व्याह्यांना ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला.

“कुठं बसतात त्या बाई?” त्यांनी विचारले.

५

अधिकारी बाईंच्या खोलीत व्याही उभेच राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. दोन वाक्यांत त्यांनी सारे सांगितले: “मीच त्यांना म्हणालो, बाराचं जे काही असेल ते सात वेळा लिहा, पण ओतू नका. आणि माझ्या मुलाला कळू देऊ नका.”

अधिकारी बाई खुर्चीत मागे रेलल्या. “काका, तुमचं मन मोठं आहे. पण असे दयाळू प्रवासी मला दर सफरीला भेटतात. नोकराची नोकरी जातेय म्हटलं की कुणीतरी येतंच, ‘चूक माझी’ म्हणून. यावर विश्वास कसा ठेवू?”

“विश्वास ठेवू नका,” सिस्टर म्हणाली. “त्यांच्या कार्डाची नोंद अजून उघडलेली नाहीये ना तुम्ही?”

“पैसे त्यांच्या मुलानं भरलेत. मुलाच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही.”

“मग त्यांना बोलवा. पण उघडायच्या आधी मी सांगते आत काय असेल ते. चार दिवस, रोज सात नोंदी. सातही एकाच व्हिस्कीच्या. पहिली दहाला, शेवटची साडेदहाला, प्रत्येकीत पाच-पाच मिनिटं. कारण तुमचं मशीन त्याआधी घेतच नाही. त्याशिवाय दिवसभरात एकही नोंद नसेल. सकाळी दहाला अर्ध्या तासात सात मापं रिचवून, लगेच जाऊन दोन तास व्याख्यान ऐकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तीस वर्षांत पाहिला नाही.”

जावई आला. काय चालले आहे ते त्याला कळेना. त्याने सही केली. अधिकारी बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला.

दहा. दहा पाच. दहा दहा. दहा पंधरा. दहा वीस. दहा पंचवीस. दहा तीस. खाली दुसरा दिवस, तेच आकडे. तिसरा. चौथा. एखाद्या बसच्या वेळापत्रकासारखे ते नेमाने एकाखाली एक उभे होते.

अधिकारी बाईंनी मापाडीला बोलावणे धाडले.

“तू बोलला का नाहीस?”

“मॅडम, खोटी नोंद तर मी केलीच होती,” तो म्हणाला. “ती चूक माझी. आणि काकांना शब्द दिला होता. रोज अर्धा तास समोर बसायचे. पाच मिनिटं झाली की घड्याळ दाखवायचे आणि म्हणायचे, ‘चला, पुढचा स्टॉप.’ फुकट काही मागितलं नाही त्यांनी कधी. एवढंच मागितलं.”

“खोट्या नोंदीबद्दल लेखी समज मिळेल,” अधिकारी बाई म्हणाल्या. “ती चुकणार नाही. अठ्ठावीसही नोंदी रद्द होतील. पण चोरीचा कागद मी फाडतेय. उद्या नेहमीच्या वेळी बार उघड.” आणि मग सिस्टरकडे वळून, “बाई, तुम्ही कुठं शिकलात हे?”

“वॉर्ड नंबर चार,” सिस्टर म्हणाली.

जावई मात्र पडद्यापाशीच उभा होता. चारही दिवसांपुढे आता शून्य उमटले होते.

“बाबा, म्हणजे तुम्ही सहा दिवसांत काहीच…?”

“तुला वाईट वाटलं असतं,” व्याही म्हणाले. “वसूल झालं नाही म्हणून.”

“मी वसूल करायला आणलं होतं का तुम्हाला?” त्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. “सात, सात करत बसलो. एकदा तरी विचारलं का मी, तुम्हाला काय आवडतं?”

“विचारलं असतंस तरी मला कुठं सांगता आलं असतं?” व्याही अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. “मलाच ठाऊक नाही.”

दुसऱ्या दिवशी नऊला जहाज बंदराला लागले. उतरवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांत मापाडी नव्हता. दहाला मी आणि सिस्टर नवव्या मजल्यावर गेलो, तेव्हा काउंटरपुढच्या दोन स्टुलांवर बाप-लेक शेजारी शेजारी बसले होते. व्याह्यांनी पेयपत्रिका दोन्ही हातांत, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसारखी धरली होती.

“हे काय असतं?” त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

“अननस आणि आलं, काका. थोडं तिखट लागतं.”

“आणि त्याच्याखालचं?”

मापाडी पुढे वाकून समजावू लागला. किंमत सांगण्याची त्याला गरज वाटली नाही आणि कोणी विचारलीही नाही. शहर पाहायला उतरणाऱ्यांसाठी दोनदा घोषणा झाली. मामा दारातून डोकावून “येताय ना?” म्हणाले, जावयाने त्यांना हातानेच पुढे जायला सांगितले आणि मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले.

साडेदहा वाजले, तेव्हा कंडक्टरसाहेब तिसऱ्या पानावर होते.